घरच्या स्टोरेज सर्व्हरला झिगबीचा डोंगल जोडताना

या खेपेचा विषय तसा तांत्रिक आहे. घरात फोटो आणि कागदपत्रे साठवण्यासाठी जो छोटा सर्व्हर ठेवतात, त्याला यूएसबीचा एक डोंगल जोडून त्याच्याकडून घरातले दिवे आणि सेन्सर कसे चालवायचे, हे आपण पाहणार आहोत. पण आम्ही या भानगडीत का पडलो ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर ही नुसती हौस वाटेल.

अलकापुरीतले आमचे घर जुन्या पद्धतीचे आहे. तळमजला आणि वर एक मजला, नऊ इंची विटांच्या भिंती, आणि खाली आईच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत लांबलचक बोळ. आईचे वय चौऱ्याऐंशी. रात्री ती दोनदा तरी उठते. बोळातला दिवा आपोआप लागावा म्हणून आम्ही वायफायवर चालणारा दिवा आणि हालचाल ओळखणारा सेन्सर आणून बसवला. चुकून कोणी बंद करू नये म्हणून भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टीही लावली. वर्षभर सारे सुरळीत चालले.

मग २०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले. अलकापुरीचा गरनाळा तर थोड्या पावसातही भरतो, त्याचे बडोदेकरांना नवल नाही. त्या वेळचा प्रकार मात्र वेगळाच होता. आमच्या घरात पाणी आले नाही. वीज गेली, पण इन्व्हर्टर होता. इंटरनेट मात्र तीन दिवस बंद राहिले. दिव्याला वीज होती, सेन्सरमध्ये सेल होता, राऊटरही चालू होता, तरी दिवा लागेना. कारण सेन्सरचा निरोप आधी कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरकडे जायचा आणि तिथून हुकूम घेऊन परत आमच्या बोळात यायचा. दुसऱ्या रात्री आई अंधारात चौकटीला धडकली. कपाळावर टेंगूळ आले, त्यावर निभावले. सकाळी हळद लावताना ती म्हणाली, "बोळातला दिवा लावायला विलायतेला विचारावे लागते होय रे?"

हा प्रश्न केवळ आमच्या घरापुरता नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा घर चालवणारा एक हब अमेरिकेत विकला जात असे. मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद करण्यात आली आणि लोकांनी पैसे देऊन घेतलेले हब निरुपयोगी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर असेच एकाएकी थंडावले. पुढे तिच्या काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. वस्तू आपल्या भिंतीवर असते, तिचा मेंदू मात्र दुसऱ्याच्या घरी, अशी ही व्यवस्था. आमच्या नववीतल्या कन्येने सुचवले, "बाबा, मेंदू आपल्या घरीच ठेवू या की. नॅस आहेच चोवीस तास चालू."

नॅस म्हणजे नेटवर्कवरचे साठवणघर. दिसायला टोस्टरएवढा डबा. आत दोन किंवा अधिक हार्ड डिस्क, एक छोटा प्रोसेसर आणि बहुधा लिनक्सवर आधारलेली प्रणाली. राऊटरला केबलने जोडला की घरातल्या सर्व संगणकांना आणि फोनना तो दिसतो. दोन डिस्कचा नॅस काम करताना साधारण १५ ते २० वॅट वीज घेतो. वीस धरले तर दिवसाला ०.४८ युनिट, महिन्याला साधारण साडेचौदा. हा खर्च आम्ही फोटोंसाठी आधीच करत होतो. तेव्हा त्याच प्रोसेसरकडून आणखी थोडे काम करून घेण्यात गैर काय?

दिवे आणि सेन्सर यांच्याशी बोलायला नॅसला एक रेडिओ लागतो, आणि तो रेडिओ म्हणजेच हा डोंगल. आम्ही झिगबी पद्धतीचा घेतला. मधमाश्यांच्या वळणावळणाच्या नाचावरून हे नाव पडले. वेग सेकंदाला फक्त २५० किलोबिट, म्हणजे सिनेमा पाहायला निरुपयोगी, पण 'दार उघडले', 'दिवा लाव' एवढे सांगायला भरपूर. शिवाय वीज इतकी कमी लागते की सेन्सर बटणाएवढ्या सेलवर महिनोन्महिने चालतो. याचा दुसरा भाऊ झेड-वेव्ह. त्याबाबत ज्यांचे नातेवाईक परदेशात आहेत त्यांना (आणि बडोद्यात असे घर कोणते नाही?) एक सूचना द्यावीशी वाटते. झेड-वेव्हची वारंवारता देशागणिक बदलते: भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४२, अमेरिकेत ९०८.४२. अमेरिकेहून भाच्याने प्रेमाने आणलेला झेड-वेव्हचा डोंगल इथल्या उपकरणांशी बोलणार नाही, आणि ती वारंवारता आपल्याकडे अशा वापरासाठी मोकळीही नाही. झिगबीची घरगुती उपकरणे मात्र जगभर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच चालतात. त्यामुळे ती कुठूनही आणली तरी चालते.

आता जोडणीकडे वळू. डोंगल नॅसच्या मागच्या खाचेत घातला. नॅसच्या पानावर 'बाहेरील उपकरणे' उघडून पाहिले, तर काहीच नाही. डोंगल बिघडलेला आहे अशी आमची खात्री झाली होती आणि परत पाठवण्याची तयारीही सुरू केली होती. चूक आमचीच होती. पेन ड्राइव्ह ही साठवणीची वस्तू आहे, म्हणून नॅस तिला ओळखतो. डोंगल ही साठवणीची वस्तूच नाही. त्याच्या आत दोन चिप असतात: एक रेडिओची, आणि दुसरी यूएसबीचे सिरियल पोर्टमध्ये रूपांतर करणारी. सिरियल पोर्ट म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी जुनी वाट, जिच्यावर एके काळी मॉडेम आणि माऊस चालत. आमच्या डोंगलचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. या दुसऱ्या चिपची भाषा कळण्यासाठी नॅसच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, तिचा ड्रायव्हर असावा लागतो.

साध्या संगणकावरच्या लिनक्समध्ये असे ड्रायव्हर बहुतेक वेळा आधीपासूनच असतात. नॅस बनवणारे मात्र आपापल्या कामापुरतेच ड्रायव्हर ठेवतात आणि बाकीचे छाटून टाकतात. सिनॉलॉजी कंपनीने तर २०२१ साली आलेल्या आपल्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत वायफाय, ब्लूटूथ यांसारख्या यूएसबी डोंगलचा आधारच काढून घेतला. तेव्हा डोंगल विकत घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: डोंगलमधली यूएसबी-सिरियल चिप कोणती, आणि आपल्या नॅसच्या चालू आवृत्तीत तिचा ड्रायव्हर आहे का. आम्ही हे घेतल्यानंतर पाहिले. आमच्या नॅसमध्ये ड्रायव्हर नव्हता. हौशी मंडळींनी त्याच कर्नलसाठी बनवलेला मिळाला, तो हाताने बसवावा लागला, आणि नॅस दर वेळी सुरू होताना तो चढवण्याची आज्ञाही वेगळी लिहावी लागली. त्यानंतर कर्नलच्या नोंदवहीत डोंगल एकदाचा उमटला. त्या दिवशी घरात श्रीखंड झाले, यावरून किती रात्री गेल्या असतील याची कल्पना यावी.

ड्रायव्हर चढला की कर्नल डोंगलला नाव देतो, 'टीटीवाय यूएसबी शून्य' अशा धर्तीचे. हे नाव पक्के नसते. वर्गात जो आधी आला तो पहिल्या बाकावर, तसा हा प्रकार. तशाच चिपचे दुसरे यूएसबी उपकरण आधी जागे झाले तर आपला डोंगल 'शून्य'चा 'एक' होतो, आणि आपले सॉफ्टवेअर भलत्याच्याच दारावर थाप मारत बसते. बहुतेक लिनक्सवर 'सिरियल' नावाच्या फोल्डरमध्ये 'बाय-आयडी' अशी एक यादी असते. तिथे बनवणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक यांवरून ठरलेले कायमचे नाव मिळते. जिथे मिळेल तिथे तेच वापरावे. आमच्या नॅसवर ती यादी नव्हती, म्हणून आम्ही दुसरे सिरियल उपकरण न जोडण्याचा सोपा मार्ग पत्करला.

पुढचे काम सॉफ्टवेअरचे. इथे तीन जण एकमेकांशी बोलतात. पहिला झिगबी-टू-एमक्यूटीटी, तो डोंगलकडून येणारे निरोप वाचतो. दुसरा मॉस्किटो नावाचा टपालवाला, निरोप इकडून तिकडे पोचवणारा. तिसरा होम असिस्टंट, जो 'रात्री अकरानंतर हालचाल झाली तर दिवा मंद लाव' असे नियम सांभाळतो. हे तिन्ही मोफत आहेत. यातला एमक्यूटीटी हा निरोप पाठवण्याचा प्रकार १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तयार केला, तो घरच्या दिव्यांसाठी मुळीच नव्हे. दूरवरच्या तेलवाहिन्यांवरची मोजमापे उपग्रहामार्फत, कमीत कमी खर्चात मिळावीत म्हणून तो निघाला. कोयलीच्या रिफायनरीमुळे आपल्याला तेलाच्या पाइपलाइन नव्या नाहीत; त्याच कामासाठी निघालेली युक्ती आज आमच्या बोळात दिवा लावते, याची कन्येला फार गंमत वाटली. होम असिस्टंट २०१३ मध्ये पाऊलस शूटसेन यांनी सुरू केला. ज्यांच्याकडे जुना ३२-बिट नॅस आहे त्यांनी मात्र थांबावे, कारण अशा प्रोसेसरचा आधार होम असिस्टंटने २०२५ मध्ये थांबवला.

हे तिघे नॅसवर 'डॉकर'च्या कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे एकाच वाड्यातली, आतून कडी लावलेली स्वतंत्र खोली. आतल्याला बाहेरचे काही दिसत नाही. आपण जेवढे हातात देऊ तेवढेच त्याचे. म्हणून डोंगलही मुद्दाम आत द्यावा लागतो. इथे एक मोह होतो. डोंगल सापडत नाही असा संदेश आला की पुष्कळ ठिकाणी सल्ला मिळतो: कंटेनरला 'प्रिव्हिलेज्ड' करा, म्हणजे सर्वाधिकार द्या. त्याने डोंगल बहुधा लगेच सापडतोही. आम्ही तसे केले नाही, आणि तुम्हीही करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच डब्यात आमच्या वडिलांची पत्रे आहेत, चार पिढ्यांचे फोटो आहेत, घराचे दस्तऐवज आहेत. दिवा लावणाऱ्याला न्हाणीघराच्या बोळाची किल्ली द्यावी, तिजोरीची कशाला? डोंगल वाचणाऱ्या कंटेनरला तेवढे एक उपकरण आणि त्याच्या स्वतःच्या नोंदींचा एक फोल्डर, एवढेच दिले की काम होते.

आता रेडिओ. हा भाग आम्हाला सर्वात आवडला, कारण इथे शाळेतले भौतिकशास्त्र थेट कामी आले. पहिल्या दिवशी शेजारच्या खोलीतला सेन्सरही धड पोचत नव्हता. कारण शोधताना इंटेल कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अहवाल हाती लागला. यूएसबी ३.० च्या जोडणीतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातही सांडतो आणि जवळच्या रेडिओला बहिरे करतो, असे त्यात मोजून दाखवले आहे. आमचा डोंगल निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या खाचेत होता, शेजारी बाहेरची हार्ड डिस्क, आणि सगळा संसार लोखंडी कपाटात! उपाय अगदी स्वस्त निघाला: दीड मीटरची यूएसबी २.० ची एक्स्टेंशन केबल. डोंगल कपाटाबाहेर, नॅस आणि राऊटर यांच्यापासून दूर, भिंतीवर छातीच्या उंचीवर टांगला. झिगबीत निरोप किती स्वच्छ ऐकू आला याचा आकडा ० ते २५५ असा मिळतो. कन्येने आधीचे आणि नंतरचे आकडे वहीत लिहिले. दोन आकडी संख्या तीन आकडी झाल्या.

वायफायशी होणारी टक्कर टाळणेही जरूर आहे. झिगबीचे चॅनल ११ ते २६ असतात. कोणत्याही चॅनलची मध्य-वारंवारता काढायची तर चॅनलमधून ११ वजा करा, उरलेल्याला ५ ने गुणा आणि २४०५ मिळवा. उत्तर मेगाहर्ट्झमध्ये येते. चॅनल २५ साठी २४७५. वायफायच्या चॅनल १ चे केंद्र २४१२ वर आणि ११ चे २४६२ वर असते, आणि प्रत्येक जण केंद्राच्या दोन्ही बाजूंना साधारण ११ मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. आता चॅनल १५ आणि २० साठी हेच गणित करून पाहा, आणि आपल्या घरचा राऊटर कोणत्या चॅनलवर आहे ते पाहून यातले कोणते बरे ते ठरवा. चॅनल आधी ठरवावा, उपकरणे नंतर जोडावीत. मागाहून बदलला तर काही उपकरणे पुन्हा जोडत बसावे लागते.

नऊ इंची भिंती राहिल्याच. झिगबीत विजेवर चालणारी उपकरणे निरोप पुढे देतात, सेलवर चालणारी देत नाहीत. म्हणून जिन्यापाशी एक झिगबीचा प्लग लावला. तो वरच्या मजल्यावरच्या डोंगलचे निरोप खाली बोळापर्यंत पोचवतो. झिगबीचा दिवाही हे काम करतो, पण भिंतीवरचे बटण बंद केले की दिवा मेला आणि साखळीही तुटली. प्लगचे बटण सहसा कोणी बंद करत नाही. दिव्याऐवजी भिंतीतले बटणच बदलायचे असेल तर पुष्कळशा स्मार्ट स्विचना न्यूट्रल तार लागते, आणि जुन्या घरांत बोर्डापर्यंत ती बहुधा आणलेलीच नसते. मुलांनो, हे काम वायरमनचे आहे. २३० व्होल्टशी प्रयोग करायचे नाहीत.

पुढचा प्रसंग या पावसाळ्याआधीचा. एका रात्री नॅसची नवी आवृत्ती आपोआप बसली. नव्या आवृत्तीबरोबर कर्नल बदलला, जुन्या कर्नलसाठी बनवलेला ड्रायव्हर चढेना, डोंगल नाहीसा झाला आणि बोळ पुन्हा अंधारात. या वेळी इंटरनेट धडधडीत चालू होते! विलायतेचा मेंदू घरी आणला, पण घरचा मेंदूही झोपू शकतो, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. आई या वेळी धडकली नाही, कारण तिने उशाशी बॅटरी ठेवायला केव्हाच सुरुवात केली होती. आम्हाला न सांगता.

त्यानंतर आम्ही दोन बदल केले. नॅसची आपोआप होणारी मोठी आवृत्तीबदली बंद केली. आता सूचना येते, आम्ही रविवारी सकाळी पाहून ठरवतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र टाळत नाही. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा. झिगबीत 'बाइंडिंग' नावाची सोय आहे: एखादे बटण एखाद्या दिव्याशी थेट जोडून देता येते, मग निरोप डोंगलकडे जातच नाही. आईच्या पलंगाला सेलवरचे एक झिगबीचे बटण चिकटवले आणि बोळातल्या दिव्याशी बाइंड केले. मग नॅस बंद केला, डोंगल उपटला, इंटरनेटची तार काढली, आणि आईला बटण दाबायला सांगितले. दिवा लागला. सगळीच बटणे आणि दिवे ही सोय देत नाहीत, तेव्हा घेताना विचारून घ्यावे. दिव्याची तार इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतली आणि भिंतीवरच्या बटणाची चिकटपट्टी काढून टाकली.

आणखी काही सांगायचे ते थोडक्यात. होम असिस्टंट सारख्या नोंदी करत राहतो, त्यामुळे नॅसच्या डिस्क पूर्वीसारख्या झोपत नाहीत. आवाज आणि वीज दोन्ही किंचित वाढतात. झिगबीच्या जाळ्याची १२८ बिटांची गुप्त किल्ली असते. डोंगल मेला आणि किल्लीची प्रत नसली तर प्रत्येक सेन्सर नव्याने जोडावा लागतो. झिगबी-टू-एमक्यूटीटी डोंगलची प्रत काढून ठेवतो, ती आम्ही नॅसव्यतिरिक्त एका पेन ड्राइव्हवरही ठेवली आहे. आणि परदेशातल्या काकांना आजीच्या बोळातला दिवा दिसावा म्हणून राऊटरमध्ये दार उघडून देऊ नये. इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमनी हल्ले केले आणि अनेकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. काकांना पाहायचेच असेल तर व्हीपीएन घ्यावे. आमच्या काकांनी फोन करून विचारणे पसंत केले.

आम्ही आज नव्याने सुरुवात केली असती तर यूएसबीचा डोंगल घेतला असता का? बहुधा नाही. आता राऊटरला नेटवर्कच्या केबलने जोडायचे झिगबीचे रेडिओ मिळतात. त्यांना नॅसचा ड्रायव्हर लागत नाही, ते नॅसपासून दूर, घराच्या मध्यभागी ठेवता येतात, आणि सॉफ्टवेअर त्यांना आयपी पत्त्यावर शोधते. यूएसबीचा डोंगल आधीच घेतलेला असेल तर तो रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला लावून 'सर-टू-नेट' या प्रोग्रॅमने सिरियल पोर्टच नेटवर्कवर आणता येतो. आमचा डोंगल चालतो आहे तोवर आम्ही तो बदलणार नाही.

या सगळ्याची कन्येने एक वही केली आहे: कोणता सेन्सर कुठे, सेल कधी बदलला, ड्रायव्हर कसा चढवायचा, राऊटरचा चॅनल कोणता. वही स्वयंपाकघराच्या खणात, वाण्याच्या यादीशेजारी असते. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावायचे काम अजून राहिले आहे. तिथपर्यंत निरोप पोचत नाही, मध्ये आणखी एक प्लग लागणार. तो आता वार्षिक परीक्षेनंतर.